पावसात गेलेली फ्लेम वाइन: कोकणात ही वेल कुठे लावावी, कशी टिकवावी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागच्या दिवाळीला रोपवाटिकेतून ‘मेक्सिकन फ्लेम वाइन’ आणून पडवीच्या कडेला, पत्र्याच्या पन्हळीखाली खड्डा काढून लावलीत. मेपर्यंत केशरी फुलांनी पडवी भरून गेली. आषाढात खालची पानं काळी पडली, बुंधा जमिनीलगत मऊ झाला आणि श्रावण लागेपर्यंत वेल गेली. आता तुम्ही विचारताय की ही वेल आपल्या पावसात टिकते का, खाऱ्या वाऱ्यात चालते का, घरीच रोपं करता येतात का, आणि गोठ्यातल्या गाईने पाला खाल्ला तर काय.

वेल टिकते. तुमची गेली ती जागेमुळे. पन्हळीचं पाणी जिथे पडतं तिथे कोकणात कुठलीच फुलवेल लावू नये, आणि ही तर नाहीच. फांद्यांवर पाऊस पडला तर हिचं काही बिघडत नाही. मुळाशी पाणी मुक्कामाला राहिलं की मात्र ही आठ-पंधरा दिवसांत बसते. म्हणून सगळी मेहनत मुळाखालच्या हातभर मातीवर करायची. बाकीच्या गोष्टी त्यामानाने सोप्या आहेत.

आधी वेल तीच आहे ना, याची खात्री करून घ्या. आपल्याकडे केशरी फुलांच्या दोन-तीन वेली एकाच नावाने विकल्या जातात. जानेवारीत कुंपणावर केशरी नळ्यांचे झुबके लोंबतात ती संक्रांत वेल. ती पूर्ण वेगळ्या कुळातली, तिला ताणे असतात आणि तिची निगाही वेगळी. काळ्या डोळ्याची केशरी थनबर्जिया म्हणजे पाच पाकळ्यांचं साधं फूल. फ्लेम वाइनचं फूल शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं, म्हणजे ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरा अनेक फुलांचा गुच्छ. एक खुडून हातात घ्या. कडेच्या लांब पट्ट्या, त्यातली प्रत्येक एक फूल. मधल्या गादीतली बारीक नळी, तीही एक फूल. मग ते उलटं करून पाहा. खाली अरुंद हिरव्या पट्ट्यांचा पेला दिसेल, पट्ट्या एकाच रांगेत, एकमेकींना चिकटून उभ्या, आणि अगदी तळाशी दोन-चार आखूड, बारीक पट्ट्या वेगळ्या. हा पेला दिसला की शंका नको. फूल उमलताना भगवं असतं, जुनं होत जाईल तसं तांबडं होतं, त्यामुळे एकाच झुबक्यात दोन-तीन छटा दिसतात. पानं एकाआड एक, बाणाच्या टोकासारखी, कडेला दाते असलेली. ताणे नाहीत, काटे नाहीत. कोवळा शेंडा स्वतःच आधाराला वेढे घालत चढतो.

शास्त्रीय नाव स्यूडोगायनॉक्सिस चिनोपोडिऑइडिस. जुन्या पुस्तकांत आणि कित्येक रोपवाटिकांच्या पाट्यांवर अजून सेनेसिओ कन्फ्यूजस असं सापडेल, वेल तीच. हम्बोल्ट आणि बोनप्लांड या दोन युरोपीय संशोधक-प्रवाशांनी 1799 ते 1804 या काळात अमेरिका खंडातून वनस्पतींचे जे ढीगभर नमुने नेले, त्यांचं वर्णन कुंथ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने केलं. या जातीच्या नावातला ‘चिनोपोडिऑइडिस’ हा भाग त्यानेच दिलेला. मूळ गाव मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतून खाली कोलंबियापर्यंत. त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी आपल्यासारखंच वर्ष असतं, काही महिने भरपूर पाऊस आणि मग लांबलचक कोरडा काळ. थंडीचा कडाका नाही, दव पडलं तरी गोठत नाही. किनाऱ्यावरचं आपलं हवामान म्हणूनच हिला मानवतं. युरोपात हीच वेल हिवाळ्यात काचघरात न्यावी लागते, आपल्याकडे ती बारमाही राहते.

सोनकी तुम्ही पाहिली असेलच. पावसाच्या अखेरीला घाटमाथ्यावरचे सडे जी पिवळे करते, ती. सोनकी सेनेसिओ प्रजातीतलीच, म्हणजे फ्लेम वाइन तिच्या अगदी जवळच्या गोतातली. सोनकी कुठे वाढते ते आठवा: धो धो पावसात, पण उतारावर, कड्यावर, कातळावरच्या वीतभर मातीत, जिथे पाणी पडतं आणि लगेच निघून जातं. मला तरी जागा निवडायला याहून चांगला धडा सापडलेला नाही.

आता जागेचं सविस्तर सांगतो, कारण सगळं इथेच ठरतं.

दापोली-गुहागरच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्याची माती तशी निचऱ्याची, पण तिच्या खाली कातळ असतो. आपण कातळात हातभर खड्डा खणतो, त्यात छान शेणखत-माती भरतो आणि समजतो की काम झालं. प्रत्यक्षात तो खड्डा म्हणजे हौद होतो. आजूबाजूच्या कठीण थरावरून पाणी त्यात उतरतं, बाहेर जायला वाट नसते, आणि भरलेली माती जितकी भुसभुशीत तितकं जास्त पाणी ती धरून ठेवते. आंब्याच्या कलमाची मुळं फटींतून खाली वाट काढतात, त्यामुळे आंबा यातून निभावतो. या वेलीची मुळं मांसल आणि उथळ. तिला ते जमत नाही.

त्यासाठी खड्डा भर पावसात तपासा, उन्हाळ्यात त्याचा अंदाज येत नाही. जिथे लावायची तिथे वीत-दीड वीत खोल खणा, पाण्याने भरा आणि दोन-तीन तासांनी या. पाणी उतरलेलं असेल तर जागा चालेल. तसंच उभं असेल तर ती जागा सोडा, किंवा खड्डा विसरून वर चढा. म्हणजे जांभ्याचे तुटके चिरे गोल मांडून आत माती भरायची, जमिनीच्या वर निदान दीड फूट. कोकणात मी बहुतेकांना हाच सल्ला देतो. चिऱ्यांच्या फटींतून पाणी निघून जातं, मुळांना हवा मिळते, आणि गडग्यालगत असं आळं केलं तर ते दिसायलाही घरचं वाटतं.

भरायला अर्धी परसातली लाल माती, पाव हिस्सा मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि पाव हिस्सा जाड काहीतरी. चिऱ्यांच्या खाणीवरचा चुरा चाळून वरचा खडा घ्या, नदीची जाड रेती घ्या, भाताचं तूस थोडं घातलं तरी चालतं. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको. तिच्यात मीठ असतं, आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणं कायद्यानेही योग्य नाही. आपली माती आंबट, ते हिला चालतं. उलट सिमेंटच्या भिंतीलगत लावली तर भिंतीवरून ओघळणाऱ्या चुनखडीने मातीचा आंबटपणा जातो, आणि मग शिरा हिरव्या नि मधला भाग पिवळा अशी पानं दिसू लागतात. नवीन बांधकाम असेल तर भिंतीपासून दीड-दोन फूट लांब लावा.

ऊन निदान पाच-सहा तास हवं. सकाळचं असेल तर उत्तम. सावलीत वेल मरत नाही, पण नुसती पानं करते, पेरं लांब होतात आणि फूल कुठेतरी वर, जिथे उजेड आहे तिथे दिसतं. माडा-पोफळीच्या दाट आगरात लावून फुलांची वाट पाहणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो की ती तिथे फुलणार नाही. तुमच्या घराची पूर्वेची किंवा दक्षिणेची बाजू मोकळी असेल तर तिथेच लावा. पश्चिमेचं ऊनही चालतं, पण तुमच्याकडे पश्चिम म्हणजे समुद्र.

खाऱ्या वाऱ्याचं म्हणाल तर ही वेल थोडं मीठ सोसते, पण उंडी किंवा केवड्यासारखी थेट किनाऱ्यावर उभी राहणारी नव्हे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे हिवाळ्या-उन्हाळ्यात सौम्य असतात, त्यांनी फारसं नुकसान होत नाही. क्वचित पानांच्या कडा करपतात. त्रास होतो जूनच्या तोंडाशी, पहिल्या वादळी वाऱ्यात, जेव्हा लाटांचे तुषार घरापर्यंत येतात आणि अजून मोठा पाऊस लागलेला नसतो. पानांवर मीठ बसतं, धुऊन जात नाही, आणि एका रात्रीत वेल भाजल्यासारखी दिसते. अशा वेळी सकाळी नळीने गोड्या पाण्याने वेल वरून खालपर्यंत धुवा. कायमचा उपाय म्हणजे घराची किंवा गडग्याची आड. समुद्र आणि वेल यांच्यामध्ये छातीभर उंचीची भिंत असली तरी खूप फरक पडतो.

आधाराबद्दल लोक फार विचार करत नाहीत, आणि मग वेल जमिनीवर गुंता होऊन पडते. ती वेढे घालत चढते, भिंतीला चिकटत नाही. त्यामुळे नुसत्या चिऱ्याच्या भिंतीवर ती चढणार नाही. बोटापेक्षा बारीक काहीतरी हवं: तार, सुंभ, काथ्याची दोरी, चिव्याची काठी, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. मांडव करायचा तर खांब माणग्याचे घ्या, माणगा भरीव असल्याने दोन-तीन पावसाळे सहज काढतो. वेल साधारण दहा-बारा फूट जाते, चांगल्या जागी त्याहून जास्त. भरलेल्या, पावसाने भिजलेल्या वेलीचं वजन चांगलंच होतं, तेव्हा पन्हळीला किंवा केबलच्या तारेला बांधू नका. माडावरही चढवू नका. खोड हिच्या वेढ्यापेक्षा जाड, आणि दोर बांधून चढवलीत तर पाडेल्याला नारळ उतरवताना पाय ठेवायला जागा उरत नाही. आंबा-काजूवर सोडायची तर नाहीच. कलमाच्या घेरावर वेलीची झूल पडली की आतल्या फांद्यांना उजेड मिळत नाही.

लावायची वेळ दसऱ्यानंतर. आपल्याकडे झाडं लावायची म्हटली की लोकांना मृग आठवतो, आणि माड, आंबा, काजू यांच्यासाठी ते बरोबरच आहे. या वेलीला मात्र मृगात लावणं म्हणजे मुळं धरायच्या आत चार महिने पाण्यात उभं करणं. हस्ताचा पाऊस सरला, जमीन अजून ओली आहे, ऊन पडायला लागलंय, तेव्हा लावा. दोन महिन्यांत ती मुळं धरते आणि हिवाळ्याच्या कोरड्या उजेडात फुलायला लागते. पुढच्या पावसापर्यंत तिच्याकडे आठ महिने असतात, तेवढ्यात बुंधा लाकडी होतो. लाकडी बुंध्याची वेल पहिला पावसाळा काढते, हिरव्या बुंध्याची काढेल याची खात्री नाही.

पाण्याचं गणित सोपं. लावल्यावर पहिले पंधरा दिवस रोज थोडं, मग फेब्रुवारीपर्यंत तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मार्च ते मे दिवसाआड. कुंडीत असेल तर उन्हाळ्यात रोज. एप्रिलमध्ये दुपारी पानं माना टाकतात आणि संध्याकाळी आपोआप उभी राहतात. ते पाहून भर दुपारी पाणी घालायची घाई करू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर थांबा. आळ्यात नारळाची सोडणं उलटी मांडून ठेवली की ओल टिकते, पण ती बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवायची आणि पावसाआधी उचलायची, नाहीतर तीच सोडणं बुंधा कुजवतात.

खत जपून. पाला भरघोस आणि फूल नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, काय घालता? उत्तर बहुतेक वेळा युरिया, ताजं शेण, किंवा किनाऱ्यावर असेल तर मासळीचं खत. माडाला मासळीचं खत उत्तम, पण त्यात नत्र भरपूर आणि बऱ्याचदा मीठही. वेल पाल्यावर जाते. दसऱ्याला दोन घमेली मुरलेलं शेणखत, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि मूठभर हाडांचा चुरा. मग फुलांच्या काळात महिन्यातून एकदा पातळ केलेलं जीवामृत. याहून जास्त लागत नाही. चुलीची राख अधूनमधून चिमूट-चिमूट घातली तर चालते, पालाश मिळतं.

आता छाटणी. या वेलीचं फूल नव्या फुटव्यांच्या टोकाला येतं. न छाटलेली वेल खाली काटक्या आणि वर टोपी अशी होते. फुलं सगळी छपरावर, तुम्ही पडवीत बसलात तर दिसणार नाहीत. लावल्यावर रोप हातभर झालं की शेंडा खुडा, खालून तीन-चार फुटवे येतील, ते पंख्यासारखे पसरून बांधा. पुढे दरवर्षी दोन छाटण्या. पहिली मोठी, वळवाचे ढग दिसू लागले की, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात. सगळी वेल गुडघ्याएवढी ठेवून बाकीची काढून टाका. मन होत नाही, फुलं असतात, पण हीच छाटणी तिला वाचवते. दाट पाल्याचं ओझं गेलं की बुंध्याला वारा लागतो, वादळात मांडव पडत नाही, आणि ओल्या पाल्यात वाढणाऱ्या बुरशीला घर मिळत नाही. दुसरी छाटणी हलकी, नवरात्राच्या सुमारास, पावसात वाढलेले लांब, पांढुरके फुटवे निम्मे करायचे. दिवाळीनंतर वेल भरात येते. मधल्या काळात सुकलेली फुलं खुडत राहा, फुलं जास्त दिवस येतात.

पावसाळ्यात तिला जितकं कमी कराल तितकं बरं. खत नाही, पाणी अर्थातच नाही. बुंध्याजवळचं तण उपटा, आळ्यातून पाणी बाहेर जायला एका बाजूने चर ठेवा. पडवीला झाप लावता तेव्हा वेल झापाच्या आत कोंडली जाणार नाही एवढं पाहा. कोंदट, अंधाऱ्या जागेत ती उघड्या पावसापेक्षा लवकर कुजते. आर्द्रा लागल्यावर दर आठवड्याला एकदा बुंधा बोटाने दाबून पाहा. घट्ट असेल तर ठीक. साल सरकत असेल, तपकिरी पाणी येत असेल, किंवा बुंध्याभोवती पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसत असतील तर ती बुरशी आहे. तेव्हा कुजलेल्या भागाच्या बरंच वर, आतून स्वच्छ हिरवट-पांढरं दिसेल तिथे फांद्या कापून घ्या आणि त्यांची रोपं करा. बुंधा वाचवण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. आळ्यातली माती काढून उन्हात टाका, निदान पुढच्या हंगामापर्यंत तिथे हीच वेल परत नको. आजूबाजूच्या निरोगी वेलींसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण बुंध्याशी ओता. सुपारीवाल्यांच्या घरी ते कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारीची फळं कुजवणाऱ्या बुरशीसाठी, असतंच: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, मिसळल्याच्या दिवशीच वापरायचं. रोप लावतानाच शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, मिसळून घेतला तर ही वेळ कमी येते. फक्त बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी नको, मोरचुदातल्या तांब्याने ट्रायकोडर्माही मरतो.

रोपं घरी सहज होतात, आणि कोकणात तरी प्रत्येकाने ती करूनच ठेवावीत. मी कितीही काळजी सांगितली तरी एखाद्या वर्षीचा पाऊस सलग आठ दिवस थांबत नाही. मेच्या छाटणीतून चार फांद्या कुंडीत लावून पडवीच्या आत, उजेडात ठेवल्या की वेलीचा वंश तुमच्या हातात राहतो.

फांदी निवडताना शेंड्याची लुसलुशीत नको आणि बुंध्याची लाकडीही नको. मधली, वाकवली तर वाकते पण लगेच मोडत नाही अशी, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. चार-पाच डोळ्यांचा, वीतभर तुकडा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, धारदार सुरीने, एका फटक्यात. कात्री बोथट असेल तर कांडी चेमटते आणि तिथूनच कुजायला लागते. खालच्या दोन डोळ्यांची पानं काढा, वरची दोन ठेवा, ती मोठी असतील तर निम्मी कापा. निम्मं कोकोपीट, निम्मी धुतलेली रेती. दोन डोळे आत जातील इतकं खोचा, बाजूने बोटांनी दाबा, एकदा पाणी घाला. वर पाण्याच्या बाटलीचा तळ कापून टोपी करून ठेवा, बूच काढलेलं. साधारण दोन-तीन आठवड्यांनी पानाच्या बगलेत हिरवा ठिपका फुगलेला दिसतो. तेव्हा कांडी चिमटीत धरून हलकेच वर ओढून पाहा. अडली तर मुळं आलीत. एखादी उचकटून पाहिलीत तर डोळ्याच्या जागी पांढरे फुगवटे आणि त्यातून सरळ निघालेली दोऱ्यासारखी मुळं दिसतील. त्यानंतर आणखी दोन आठवडे थांबून पिशवीत हलवा. ऑक्टोबर आणि फेब्रुवारी हे यासाठी सगळ्यात चांगले महिने. जून-जुलैत केलीत तर उघड्यावर ठेवू नका.

याहून सोपं हवं असेल तर दाब कलम. जमिनीलगतची फांदी वाकवून एक डोळा मातीत दाबा, वर जांभ्याचा खडा ठेवा, महिना-दीड महिन्याने मूळ धरलं की आईपासून तोडा. या वेलीची फांदी जमिनीला टेकली की नुसतीही मूळ धरते, त्यामुळे हे जवळजवळ न चुकणारं काम. बियाणं मिळालंच तर ताजं पेरा, वर मातीचा अगदी पातळ थर. पण फांदीपासून केलेलं रोप लवकर फुलतं, मी बियांच्या वाटेला जात नाही.

किडींचं फार नाही. कोवळ्या शेंड्यावर हिवाळ्यात मावा येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ती नागअळी, ती पानं खुडून जाळा. उन्हाळ्यात पानं फिकट, धुरकट होऊन खालून बारीक जाळी दिसली तर लाल कोळी; सकाळी पानांच्या खालून पाणी मारा. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी फार झाली तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी. पावसात गोगलगाई कोवळे फुटवे रात्रीत फस्त करतात. त्यांच्यासाठी बॅटरी आणि बादली घेऊन रात्री वेचणं यापेक्षा खात्रीचा उपाय मला माहीत नाही. मीठ टाकू नका, माती बिघडते.

गाईबद्दल तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत, कारण हे कुणी विचारत नाही. सोनकीच्या या गोतातल्या बऱ्याच वनस्पतींत पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात आणि ती गुरांच्या यकृताला बाधतात. एखादं पान तोंडात गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण छाटलेला पाल्याचा ढीग गोठ्यात किंवा बकऱ्यांपुढे टाकायचा नाही. ताजा पाला जनावर कदाचित टाळेल, सुकून चाऱ्यात मिसळला गेला तर टाळणार नाही. छाटणी खड्ड्यात पुरा किंवा वाळवून जाळा. घरगुती औषध म्हणून काढा, रस असलं काही करू नका, कुणी सांगितलं तरी.

हीच द्रव्यं फुलपाखरांना मात्र हवी असतात. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, क्रो या गटातले नर ती गोळा करतात, त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो. खुळखुळ्याच्या आणि भुरुंडीच्या वाळलेल्या काटक्यांवर हीच फुलपाखरं दाटी करतात, ती त्यासाठीच. पावसानंतर फुलबागेत ती येतातच, त्यात तुमच्या पडवीला मेलेल्या वेलीच्या काटक्याही ठेवल्यात तर त्यांवर बसलेली दिसतील. एवढ्यासाठी तरी सगळी वेल एकदम काढू नका, दोन-तीन वाळक्या फांद्या राहू द्या.

एक जबाबदारी मात्र वेल लावणाऱ्याने घ्यावी. हिच्या बियांना पांढऱ्या केसांचा झुबका असतो आणि त्या वाऱ्यावर उडतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये आणि अमेरिकेत फ्लोरिडात ती बागेतून बाहेर पडून रानात स्थिरावली आहे. आपल्या कोकणाला अशा पाहुण्यांचा अनुभव आहे. रानमोडीही याच कुळातली, याच खंडातून आलेली, उडत्या बियांची, आणि आज काजूच्या बागा, रस्त्यांच्या कडा, मोकळे सडे तिने व्यापले आहेत. केरळात मिकानिया नावाची याच कुळातली वेल केळी, रबर, सुपारीच्या बागांवर पसरून बसते, तोडलेल्या प्रत्येक कांडीला मूळ फुटतं. फ्लेम वाइन इथे तशी वागताना मी पाहिलेली नाही, पण तसं वागायला लागणारे गुण तिच्यात आहेत. म्हणून सुकलेलं फूल म्हातारी होऊन उडायच्या आत खुडा, छाटलेल्या कांड्या ओढ्याच्या काठी किंवा गावाबाहेरच्या उकिरड्यावर टाकू नका, आणि देवराईच्या जवळ घर असेल तर ही वेल लावूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पन्हळीखालची ती जागा आता मोकळी दिसते आणि पश्चिमेच्या खिडकीवर काहीतरी हिरवं हवंच आहे. तिथे पडदा वेल लावा. रोपवाटिकेत ‘कर्टन क्रीपर’ किंवा ‘व्हर्नोनिया’ म्हणून मिळेल. तीही शेवंतीच्याच कुळातली, मूळची म्यानमार-थायलंडच्या बाजूची, फुलं बारीक आणि नजरेत न भरणारी, पण लांब हिरव्या झिपऱ्या वरून खाली सोडते आणि पश्चिमेचं ऊन छान अडवते. तिला वरच्या सज्जावर मोठ्या कुंडीत लावून खाली सोडायचं, म्हणजे पन्हळीचं पाणी तिच्या मुळाशी येतच नाही. फ्लेम वाइनसाठी पूर्वेकडे गडग्याच्या आत चिऱ्यांचं आळं आताच करून ठेवा, म्हणजे उरलेल्या पावसात माती बसेल आणि पाणी कुठून वाहतं ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. रोप दसऱ्यानंतर आणा. आणताना पिशवीचा तळ बघून घ्या, भोकांतून पांढरी मुळं डोकावत असतील ते रोप घ्या, आणि फुलांनी लगडलेलं पण बुंधा हिरवा, लवचिक असलेलं दुकानदाराला परत द्या.